जमिनीत पाणी किती वेगाने जिरते?

(अभियंता दिनानिमित्त सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विश्वेश्वरय्यांचे नाव घेतले की खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आठवतात, कृष्णराजसागर आठवते. मला आज त्यांच्या एका कमी बोलल्या जाणाऱ्या कामापासून सुरुवात करायची आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून शिकून १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्याच सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला होता. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी मन मानेल तसे पाणी घ्यावे आणि शेपटाकडच्यांनी वाट पाहावी, अशी स्थिती होती. त्याहून वाईट म्हणजे, जिथे पाणी भरपूर मिळाले तिथली चांगली काळी रानेच चिबड होऊ लागली. विश्वेश्वरय्यांनी त्यावर ब्लॉक पद्धत आणली. क्षेत्राचे गट पाडले, पिकांची फेरपालट ठरवली, पाण्याची पाळी बांधली. पाणी किती आहे एवढेच पाहून भागत नाही, जमीन ते किती वेगाने पुढे जाऊ देते हेही पाहावे लागते, हा धडा दख्खनच्या कालव्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच दिला होता. याच सिंचनाच्या प्रश्नांसाठी मुंबई सरकारने १९१६ मध्ये एक विशेष विभाग सुरू केला. त्यातूनच आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले.

आपल्याकडे पाण्याच्या पुष्कळ गोष्टी नेमाने मोजल्या जातात. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो, धरणातला साठा टीएमसीत सांगतो, विहिरीची पातळी मीटरमध्ये नोंदवतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा तर गावोगावच्या भिंतींवर रंगली. या घोषणेतल्या पहिल्या अर्ध्या भागाचा हिशेब आपल्याकडे असतो. किती बंधारे झाले, किती घनमीटर पाणी अडले, हे सांगता येते. दुसऱ्या अर्ध्या भागाचा हिशेब विचारला तर मात्र बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. म्हणून आज माझे म्हणणे एवढेच आहे की पाझर तलाव असो, शोषखड्डा असो, निचऱ्याची योजना असो की मातीचे धरण, कामावर खर्च करण्याआधी त्या जागेची पाणी वाहू देण्याची क्षमता मोजलीच पाहिजे. ती त्याच जागेवर मोजली पाहिजे आणि काम झाल्यावरही मोजत राहिले पाहिजे. या क्षमतेला आपण पारगम्यता म्हणतो.

हे मोजमाप शास्त्रशुद्ध झाले ते फ्रान्समधल्या दिजाँ गावात. आँरी दार्सी हा तिथलाच अभियंता, जन्म १८०३ चा. रोझ्वार नावाच्या झऱ्याचे पाणी सुमारे साडेबारा किलोमीटर लांबीच्या झाकलेल्या पाटातून १८४० मध्ये त्याने गावात आणले आणि दिजाँ स्वच्छ पाणी पिऊ लागले. पुढे वाळूच्या गाळणीतून पाणी किती वेगाने जाते याचा हिशेब त्याला हवा होता. १८५५ मध्ये गावातल्या रुग्णालयाच्या आवारात त्याने ३५ सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी नळ उभा केला, त्यात वाळू भरली, वरून पाणी सोडले आणि वाळूच्या वरचा व खालचा दाब पाऱ्याच्या नळ्यांनी मोजला. रुग्णालयातले नळ सतत उघडझाप होत असल्याने पाऱ्याची पातळी हलत राही, ही अडचणही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. प्रयोगांचे निष्कर्ष १८५६ मध्ये दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरील त्याच्या ग्रंथाच्या परिशिष्टात छापले गेले.

निष्कर्ष अगदी साधा होता. वाळूतून जाणारे पाणी दोन टोकांच्या पाणीपातळीतल्या फरकाच्या प्रमाणात वाढते, थराच्या जाडीच्या प्रमाणात घटते आणि नळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बदलते. या तिन्हींचा हिशेब केल्यावर जो स्थिरांक उरतो, तो त्या वाळूचा स्वभाव. अभियंते त्याला ‘के’ म्हणतात. पातळीतला फरक थराच्या जाडीइतकाच असेल, तर एका चौरस सेंटिमीटरमधून एका सेकंदात किती घन सेंटिमीटर पाणी जाते, हे तो सांगतो. म्हणून त्याचे एकक वेगाचे असते, सेंटिमीटर दर सेकंद.

हा आकडा किती बदलतो, ते पाहण्यासारखे आहे. स्वच्छ भरड खडीतून पाणी सेकंदाला एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने जाऊ शकते. मध्यम वाळूत हाच आकडा सेंटिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो, म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ मीटर. चांगल्या दाबलेल्या चिकणमातीत मात्र तो सेंटिमीटरच्या एक कोटी भागांतला एक भाग एवढा खाली उतरतो. या वेगाने वर्षभरात पाणी जेमतेम तीन सेंटिमीटर जाईल. लोखंड आणि लाकूड यांच्या ताकदीत काही पटींचा फरक असतो. इथे खडी आणि चिकणमाती यांच्यात एक कोटी पटींहून जास्त फरक आहे. बांधकामात वापरल्या जाणाऱ्या गुणधर्मांत इतका विस्तीर्ण पल्ला क्वचितच आढळतो. त्यामुळे इथे अंदाज चुकला तर दहा-वीस टक्क्यांनी चुकत नाही, तो शंभर किंवा हजार पटींनी चुकतो.

आता हाच आकडा आपल्या पाझर तलावांना लावून पाहू. उन्हाळ्यात मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास जाते. एखाद्या तलावाच्या तळाची पारगम्यता सेंटिमीटरच्या एक लाख भागांतला एक भाग असेल, तर तिथून दिवसाला साधारण साडेआठ मिलिमीटर पाणी जिरेल. म्हणजे उन्हाळ्यात तिथे उन्हाचा वाटा आणि जमिनीचा वाटा जवळपास बरोबरीचा होतो. तळ याहून घट्ट असेल तर तलावातले बहुतांश पाणी आकाशात जाते आणि कागदावर मात्र ते जिरल्याचे गृहीत धरले जाते. जागा निवडताना हा एक आकडा हातात असता, तर तलाव कुठे बांधायचा आणि कुठे नाही, याचा अर्धा वाद मिटला असता.

प्रयोगशाळेत पारगम्यता मोजण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. वाळूसारख्या मोकळ्या मातीसाठी वरची पाणीपातळी कायम ठेवून खाली ठरावीक वेळात किती पाणी गोळा होते ते मोजतात. चिकणमातीतून इतके कमी पाणी येते की ते गोळा करून मोजणे शक्य नसते. तिथे नमुन्यावर एक बारीक उभी नळी लावतात आणि नळीतले पाणी ठरावीक खुणेपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते पाहतात. नळी जितकी बारीक, तितके थोडे पाणीही डोळ्यांना स्पष्ट दिसते. दोन्ही रीतींत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे हवा. मातीच्या पोकळ्यांत हवेचे बुडबुडे अडकले तर पाण्याची वाट बुजते आणि आकडा कमी येतो, म्हणून नमुना आधी पूर्ण भिजवावा लागतो. दुसरी म्हणजे तापमान. ३० अंशांचे पाणी १० अंशांच्या पाण्यापेक्षा पातळ असते आणि त्याच मातीतून सुमारे दीडपट वेगाने जाते. म्हणून भारतीय मानकात आकडा २७ अंशांवर आणून नोंदवायचा असा दंडक आहे.

वाळूसाठी एक सोपा अंदाजही आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स प्रयोगकेंद्रात ॲलन हेझन यांनी १८९० च्या दशकात गाळणीच्या वाळूवर काम केले. वाळूचा दहा टक्के भाग ज्या आकारापेक्षा बारीक असतो, तो आकार सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि शंभराने गुणायचे, की पारगम्यतेचा ढोबळ आकडा मिळतो. हा आकार ०.२ मिलिमीटर असेल तर उत्तर सेकंदाला ०.०४ सेंटिमीटर येते. तो निम्मा झाला तर पारगम्यता चौथाई होते. वाळूत थोडासा बारीक गाळ मिसळला तरी केवढा फरक पडतो, ते यातून कळते.

पण प्रयोगशाळेतला नमुना मुठीएवढा असतो आणि रान एकरांचे असते. टेक्सास विद्यापीठातले डेव्हिड डॅनियल यांनी १९८४ मध्ये चिकणमातीच्या अस्तरांचा प्रत्यक्ष अभ्यास प्रसिद्ध केला. जागेवरची पारगम्यता प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या १० ते १,००० पट जास्त असल्याचे त्यांना आढळले. कारण छोट्या नमुन्यात भेगा येत नाहीत, ढेकळांमधल्या फटी येत नाहीत, मुळांची भोके येत नाहीत. पाणी मात्र नेमके तिथूनच जाते. आपल्याकडे २००० सालच्या घनकचरा नियमांनी कचराभूमीच्या तळाशी प्लास्टिकच्या पडद्याखाली ९० सेंटिमीटर मातीचा थर मागितला आणि त्याची पारगम्यता सेंटिमीटरच्या एक कोटी भागांतल्या एका भागाहून जास्त नसावी असे सांगितले. हा थर ओलावा राखून, थराथराने रुळाने दाबला तरच तो आकडा मिळतो. कोरडी ढेकळे दाबून वरून सपाट दिसणारा थर तयार होतो, पण त्याच्या पोटात वाटा शिल्लक राहतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी तीव्र होतो तो आपल्या काळ्या जमिनीमुळे. उन्हाळ्यात या रानात हात आत जाईल अशा भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो आणि त्या वेळी मोजले तर जमीन पाणी गटागट पिते असे वाटते. दोन-तीन चांगले पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी वरच्या वर वाहून देते. त्याच बांधावर, त्याच खुणेवर, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये दोन वेगळे आकडे मिळतात, आणि दोन्ही खरे असतात. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भारी रानाला वापसा यायला किती दिवस लागतात आणि माळावरच्या मुरमाड रानात पाऊस थांबला की कधी पाभर चालते, हे तो न मोजता सांगतो. आपण अभियंत्यांनी त्याच्या या जाणिवेला आकड्याची जोड द्यायची आहे.

ही जोड देण्याचे साधन फार महागडे नाही. दोन लोखंडी कडी लागतात, एक ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि दुसरे ६० सेंटिमीटरचे. जागेवरचे गवत कापायचे, पण माती उकरायची नाही. मोठे कडे जमिनीवर ठेवून त्यावर आडवी फळी टाकायची आणि फळीवर घण मारत ते सारखे आत जाऊ द्यायचे. एका बाजूला झुकले तर कडेला फट पडते आणि सगळे मोजमाप वाया जाते. मग त्याच्या बरोबर मध्ये लहान कडे ठोकायचे. आत गोणपाटाचा तुकडा अंथरून त्यावर पाणी ओतायचे, म्हणजे धारेने माती उखडत नाही. दोन्ही कड्यांत पाणी सारख्या उंचीला ठेवायचे आणि नोंद फक्त आतल्या कड्याची घ्यायची. बाहेरच्या कड्यातले पाणी आजूबाजूला पसरते, त्यामुळे आतल्या कड्यातले पाणी सरळ खाली जाते. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग तीस मिनिटांनी पातळी वाचायची. पहिल्या पाच मिनिटांत पाणी झपाट्याने उतरते, कारण कोरडी माती ते ओढून घेते. हळूहळू वेग मंदावतो आणि काही तासांनी एका आकड्यावर स्थिरावतो. समजा तो तासाला १.२ सेंटिमीटर आला, तर दिवसाला २८.८ सेंटिमीटर झाला. हा स्थिर आकडाच जमिनीच्या पारगम्यतेच्या जवळ जातो. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा घेऊन योजना आखली तर ती फसणारच.

इथे दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, ज्या थरावर पाणी उभे राहणार आहे त्या थरावर मोजावे. तलावाचा तळ मुरमात जाणार असेल तर वरच्या मातीवर केलेली चाचणी उपयोगाची नाही. दुसरे, एका ठिकाणी मोजून थांबू नये, आणि सरासरी काढताना जपावे. तीन ठिकाणचे आकडे १, १० आणि १०० आले, तर नेहमीची सरासरी ३७ येते. एकाच मोठ्या आकड्याने ती फुगवलेली असते. अशा आकड्यांसाठी त्यांच्या गुणाकाराचे घनमूळ घेतात. ते १० येते आणि जागेचे चित्र जास्त खरे दाखवते.

शोषखड्ड्यासाठी तर याहून साधी चाचणी मानकात दिली आहे. खड्डा रात्रभर भिजवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहायचे. गावात शेकडो शोषखड्डे एकाच मापाने खोदले जातात, मग माळावरचे कोरडे राहतात आणि काळ्या रानातले तुंबतात. प्रत्येक वस्तीत एकदा ही चाचणी केली तर मापे त्या जमिनीप्रमाणे ठरवता येतील.

काम झाल्यावर मोजत राहा, असे मी म्हणालो त्याचे कारण गाळ. तलावाखाली तीन मीटर मुरूम आहे आणि त्याची पारगम्यता सेंटिमीटरचा एक सहस्रांश आहे असे धरू. त्यावर पुरासोबत आलेला फक्त पाच सेंटिमीटर चिकण गाळ बसला आणि त्याची पारगम्यता मुरमाच्या एक सहस्रांश असली, तर दार्सीच्या नियमाने हिशेब केल्यावर तेवढ्याच दाबाखाली जिरणारे पाणी सुमारे सतरा-अठरापट घटते. तीन मीटर मुरूम जसाच्या तसा आहे, पण हुकूम पाच सेंटिमीटरचा चालतो. गाळणीच्या तळाला चहाचा चोथा बसला की जाळी कितीही चांगली असो, चहा थेंबाथेंबानेच पडतो, तसे हे आहे. म्हणून गाळ काढणे ही दिखाऊ मोहीम नाही, तो तलावाच्या देखभालीचा मुख्य भाग आहे. आणि तो काढल्यावर जमीन पुन्हा किती पाणी घेऊ लागली, हे कड्यांनी मोजून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे म्हणू नये.

मातीच्या धरणात गरज उलटी असते. तिथे मधली गाभ्याची (हार्टिंगची) माती पाणी अडवायला हवी आणि खालच्या बाजूचा निचरा पाणी सुखरूप बाहेर काढायला हवा. अमेरिकेत आयडाहोमधले टेटन धरण सुमारे ९३ मीटर उंच होते. ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाझर दिसला आणि बाराच्या आत धरण फुटले. अकरा माणसे गेली. गाभ्याची माती पाणी फारसे जाऊ देणारी नव्हती. पण ती वाऱ्याने आणलेली, सहज वाहून जाणारी पोयटा माती होती आणि शेजारचा खडक भेगाळलेला होता. या भेगा पुरेशा बुजवलेल्या नव्हत्या. पाणी भेगांतून आले आणि मातीचा कण-कण घेऊन गेले. म्हणजे मातीचा ‘के’ चांगला आहे एवढे पुरत नाही. ती माती ज्या खडकाला टेकते, त्याच्या फटींतून किती पाणी जाते, तेही मोजावे लागते. त्यासाठी स्वित्झर्लंडचे भूवैज्ञानिक मॉरिस ल्युजाँ यांनी १९३३ मध्ये रीत दिली. बोअर घेऊन ठरावीक दाबाखाली पाणी सोडायचे आणि एका मीटर लांबीत मिनिटाला किती लिटर पाणी जाते ते पाहायचे. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात हे फार महत्त्वाचे आहे, कारण आपला खडक स्वतः घट्ट असतो आणि त्याचे सगळे पाणी भेगांतून व थरांच्या सांध्यांतून फिरते.

शेवटी पुन्हा नीरेच्या काठाकडे आणि आज कृष्णेच्या काठाकडे वळू. सांगली-कोल्हापूर भागात उसाच्या पट्ट्यात क्षारपड आणि चोपण जमिनी वाढल्या. चोपण जमिनीत सोडियम जास्त झाल्याने चिकणमातीचे कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी आत शिरतच नाही. जिप्सम टाकल्यावर कॅल्शियम सोडियमची जागा घेते, कण पुन्हा एकत्र येतात आणि निचरा सुधारतो. म्हणजे पारगम्यता कायमची ठरलेली नसते. आपण ती बिघडवतो आणि आपण ती सुधारूही शकतो. जमिनीखाली निचऱ्याचे छिद्रांचे पाईप घालायचे असतील तर ते किती अंतरावर घालायचे, हेही पारगम्यतेवर ठरते. नेदरलँड्सचे हूखाउट यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत याचे गणित दिले. त्यासाठी लागणारी पारगम्यता मोजायला रानात गिरमिटाने भोक पाडायचे, त्यातले पाणी उपसायचे आणि पातळी किती वेगाने वर येते ते मोजायचे. पारगम्यता चौपट असेल तर पाईपमधले अंतर साधारण दुप्पट चालते आणि तेवढाच खर्च वाचतो. न मोजता सगळ्या गावाला एकच अंतर लावले, तर कुणाचे पैसे वाया जातात आणि कुणाचे रान चिबडच राहते.

म्हणून माझी विनंती आहे. तरुण अभियंत्यांनी अंदाजपत्रकात जलसंधारणाच्या प्रत्येक कामाआधीची आणि कामानंतरची पारगम्यता चाचणी लिहावी, आणि ती वगळलेले अंदाजपत्रक परत पाठवण्याचे धैर्य वरिष्ठांनी दाखवावे. ग्रामपंचायतींनी दोन कडी आणि एक नोंदवही ठेवावी. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर तलावाच्या तळाशी, माळावर, काळ्या रानात मोजावे आणि आकडा, जागा व तारीख लिहावी. गावच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना शिक्षकांनी हे काम शिकवावे, कारण घड्याळ आणि मोजपट्टी वाचता येणे एवढेच त्याला पुरेसे आहे. दहा वर्षांची अशी वही हाताशी असलेले गाव पाझर तलावाची जागा स्वतः सांगू शकेल आणि चुकीची योजना पुराव्यानिशी नाकारूही शकेल. विश्वेश्वरय्यांचे स्मरण करायचे असेल तर यंदाच्या पावसाळ्यानंतर पहिली नोंद करा.